वाद कोणासाठी घालायचा?

बेंगळुरूच्या यशवंतपूरहून बोलतोय. विषय रोजचाच आहे. व्हॉट्सॲपवर वाद चाललाय आणि समोरच्याने मन पार बंद करून घेतलंय. मग करायचं काय?

उदाहरण आपल्या घरचंच घेऊ, सीमाप्रश्नाचं. डिसेंबर २०२१ मध्ये इथून जवळच, सँकी रोडवर, शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर काळा रंग ओतला गेला. व्हिडिओ मोबाइलवर फिरला. बेळगावात दगडफेक झाली, सरकारी गाड्या फुटल्या, संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याचीही विटंबना झाली. म्हणून "सोडून द्या, बोलूच नका" हा सल्ला मला पटत नाही. शहाणी माणसं गप्प बसली की व्हिडिओच बोलतो.

मी एक चाचणी लावतो. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल. त्याने बेळगाव कर्नाटकात ठेवलं. पण निपाणी, खानापूर महाराष्ट्राला आणि अक्कलकोट कर्नाटकाला द्यायची शिफारस केली. "अहवाल अंतिम" म्हणणाऱ्या कन्नड मित्राला विचारतो, मग निपाणी कधी देताय? अहवाल धुडकावणाऱ्या मराठी मित्राला विचारतो, त्यातला आपल्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम मुद्दा कोणता? तो ज्याला सांगता येतो, त्याच्याशी रात्री बारापर्यंत खुशाल भांडावं. (महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. ग्रुपवर तो दर आठवड्याला निकालात निघतो!)

जो उत्तरादाखल शिवीच देतो, त्याला दोन वाक्यं, बस्स. तीही त्याच्यासाठी नसतातच. फौजेत आधी उद्दिष्ट ठरतं, मग दारूगोळा मोजतात. इथं उद्दिष्ट म्हणजे काहीही न लिहिता सगळं वाचणारा अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा. उद्या हातात दगड घ्यायचा की नाही, हे त्याचं अजून ठरायचं असतं.

आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर असंच पेटलं होतं. मी एवढंच लिहिलं: बेंगळुरू ही शहाजीराजांची जहागीर होती, आणि त्यांची समाधी कर्नाटकातच, होदिगेरेला आहे. शिव्या देणारे देत राहिले. तासाभराने एका कन्नड मुलाचा वेगळा मेसेज आला, "सर, हे होदिगेरे कुठे आलं?"

मी कळवलं, दावणगेरे जिल्ह्यात, चन्नगिरीजवळ.