रात्रीचे दुखणे आणि हाडातली लहान गाठ
(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)

 

आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतले कारकून आहोत. तरीही आज हाडांच्या गाठीवर बोलत आहोत, कारण हे दुखणे दीड वर्ष आमच्या घरात मुक्कामाला होते.

जून २०१७ मध्ये आमच्या ताईच्या मुलाचा उजवा गुडघा दुखू लागला. तेव्हा तो नववीत होता. दिवसा शाळेत जायचा, पण रात्री एक-दोनच्या सुमारास उठून बसायचा. गुडघ्याचा एक्स-रे निर्दोष आला. "वाढीचे वय आहे, असे होतेच," असे सांगण्यात आले. पुढे तो लंगडू लागला, मांडी बारीक झाली. कवायत टाळण्यासाठी सोंग करतो, असेही कोणी म्हणाले. नात्यातल्या काहींनी देवऋषीचा पत्ता दिला. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हा सल्ला यावा याचे वाईट वाटले. दाजींनी तो ठामपणे नाकारला.

नंतर एमआरआय झाला. खुब्याच्या सांध्यात पाणी दिसले. "टीबी असावा" म्हणून नमुना न तपासताच औषधे सुरू झाली. सात महिने झाले तरी रात्र तशीच होती. शेजारीपाजारी दबक्या आवाजात कॅन्सरचे नाव घेऊ लागले.

आमची ताई सातवी शिकलेली. तिने एक वही घातली होती. दुखणे किती वाजता सुरू झाले, गोळी केव्हा दिली, किती वेळाने पोर झोपले, हे ती रोज लिहून ठेवी. शेवटी ज्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी रिपोर्टांची पिशवी बाजूला ठेवून आधी ती वही वाचली. मग गुडघ्याला हात न लावता खुबा फिरवून पाहिला आणि बारीक कापांचा सीटी स्कॅन करायला सांगितला. मांडीच्या हाडाच्या मानेत वाटाण्याएवढी गाठ सापडली. तिचे नाव ऑस्टिऑइड ऑस्टिओमा. ही गाठ साधी असते. ती कॅन्सर नव्हे, कॅन्सरमध्ये बदलतही नाही.

न्यूयॉर्कचे विकृतिशास्त्रज्ञ हेन्री जॅफे यांनी १९३५ मध्ये या गाठीला स्वतंत्र आजार म्हणून ओळख दिली. त्यापूर्वी असे रुग्ण हाडातला जुनाट पू किंवा जंतुसंसर्ग म्हणून गणले जात. ती बहुधा पाच ते पंचवीस या वयात होते. मुलींपेक्षा मुलांत अधिक आढळते. तिचा गाभा साधारणपणे दीड सेंटिमीटरहून लहान असतो. तो प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य भरपूर तयार करतो, म्हणून दुखणे तीव्र असते आणि ते द्रव्य रोखणाऱ्या साध्या दाहशामक गोळीने पुष्कळदा लवकर थांबते.

निम्म्याहून अधिक वेळा ही गाठ मांडीच्या किंवा नडगीच्या लांब हाडात होते. तिथे गाभ्याभोवती हाड जाड होते आणि एक्स-रेवर खूण दिसते. घोटाळा होतो तो ती आडजागी असली म्हणजे. सांध्याच्या आत असली तर हाड फारसे जाड होत नाही. उलट सांध्यात पाणी होते आणि ते संधिवात किंवा टीबीसारखे भासते. खुब्याचे दुखणे मज्जातंतूंच्या वाटेने गुडघ्यात जाणवते, म्हणून भलत्याच जागेचा एक्स-रे निघतो. पाठीच्या मणक्याच्या मागच्या भागात गाठ असली तर मुलाची पाठ एका बाजूला वाकते. घोट्यात असली तर मुरगळा समजून पट्टे बांधले जातात. बोटात असली तर सूज पाहून जंतुसंसर्ग वाटतो. हाडांच्या दुसऱ्या साध्या गाठीही अशा फसवतात. खांद्याच्या फऱ्याच्या आतल्या बाजूला ऑस्टिओकाँड्रोमा वाढला, तर हात वर करताना करकर होते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

बँकेत संध्याकाळी रोकड जुळली नाही, तर नेहमीच्या जागा आधी तपासतात. तिथे चूक सापडली नाही म्हणून रोकड जुळली असे कोणी लिहीत नाही. इथेही तसेच आहे. एक्स-रे निर्दोष आला म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. एमआरआय उपयुक्त खरा, पण त्यात भोवतालची सूज इतकी उठून दिसते की लहान गाभा तिच्यात हरवतो. हाडाच्या आयसोटोप स्कॅनने जागा कळते आणि बारीक कापांच्या सीटीवर गाभा स्पष्ट दिसतो.

जानेवारी २०१९ मध्ये भाच्यावर उपचार झाले. सीटीच्या मदतीने गाभ्यात बारीक सुई घालून तिच्या टोकाला सुमारे ९० अंश उष्णता काही मिनिटे दिली आणि गाभा जाळला. बोस्टनच्या डॉक्टरांनी ही पद्धत १९९२ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. मज्जारज्जूजवळच्या गाठीला मात्र फार जपावे लागते. तिथे कधी शस्त्रक्रियाच करतात. त्यानंतर दोन दिवसांनी भाचा रात्रभर झोपला. सवयीने जागी राहिली ती ताई.

यातून काय घ्यायचे? टीबी आपल्याकडे खराच आहे. कोणीही औषधे मनाने बंद करू नयेत. निदान पक्के असेल तर पूर्ण मुदत घ्यावीत. पण हाडाचा टीबी सांगितला तर "नमुना तपासला का?" असे नम्रपणे विचारावे. गोळीने आराम पडतो हा पुरावा नव्हे, ती केवळ खूण आहे. मुलांना ॲस्पिरिन आपल्या मनाने मुळीच देऊ नये. मुलाचे रात्रीचे दुखणे आठवड्यांमागून आठवडे टिकले, तर त्याची नोंद ठेवावी आणि सोंग म्हणू नये. खर्चाची भीती वाटली तर सरकारी रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटावे. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. ही भीक नव्हे, तो हक्क आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तथागतांनी दुःख सांगितले, त्याचे कारण सांगितले, त्याचा निरोध आणि मार्ग सांगितला. हा क्रम वैद्याचाच आहे. कारण शोधल्याशिवाय मार्गावर उडी मारली की काय होते, ते आम्ही सात महिने पाहिले. कालाम लोकांना तथागतांनी केवळ ऐकीव गोष्टींवर विसंबू नका, असे बजावले. देवऋषीचे नाकारणे आम्हांला सोपे गेले. कागदावर छापलेल्या अंदाजालाही प्रश्न विचारायचा असतो, हे उशिरा कळले. आमच्या घरात तो उपदेश सर्वांत आधी आचरला तो सातवी शिकलेल्या ताईने. तिने पाहिले, ताडून पाहिले आणि लिहून ठेवले.

तुमच्यापैकी कोणी पुढे डॉक्टर झाले, तर अशी वही घेऊन येणाऱ्या आईला दोन मिनिटे अधिक द्या, एवढीच विनंती.



नमो बुद्धाय! जयभीम!