लंडनमधली लैंगिक आरोग्य तपासणी: तेहतीस कारभार, एक पाकीट

आजचा विषय आपल्याकडे आवाज खाली करून बोलायचा आहे: लैंगिक आरोग्याची तपासणी. मी मात्र आज रोगांपेक्षा व्यवस्थेबद्दल जास्त बोलणार आहे. लंडनमधल्या स्थानिक कौन्सिलांनी ही तपासणी घरपोच कशी केली, आणि त्यात काय सांभाळायला हवं, ते बघू.

आधी थोडी पार्श्वभूमी. इंग्लंडमध्ये एप्रिल २०१३ पासून लैंगिक आरोग्याच्या बहुतेक सेवांची जबाबदारी कौन्सिलांकडे आली. एचआयव्हीचे उपचार मात्र राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे, म्हणजे एनएचएसकडेच राहिले. कायद्याने एक अट घातली: दवाखाना सगळ्यांना खुला हवा. तुम्ही कुठल्या भागात राहता हे बघून कुणाला परत पाठवायचं नाही. लपवण्याचा आजार माणूस घराजवळच्या दवाखान्यात दाखवेलच असं नाही, म्हणून ही अट फार शहाणपणाची आहे.

पण पैसे कोण देणार? लंडनमध्ये ३२ बरो आणि सिटी ऑफ लंडन, असे एकूण ३३ कारभार. समजा, मुलगा राहतो हॅरोमध्ये, नोकरी वेस्टमिन्स्टरमध्ये, आणि तपासून घेतो सोहोतल्या दवाखान्यात. मग त्याचं बिल जातं हॅरोच्या कौन्सिलकडे. असे हिशेब सगळीकडून सगळीकडे. त्यात २०१५-१६ नंतर सार्वजनिक आरोग्याचं सरकारी अनुदान, महागाई धरली तर, घटत गेलं. माणसं वाढली, पैसा आटला.

म्हणून कौन्सिलांनी ठरवलं, की प्रत्येकाने वेगळी चूल मांडण्यापेक्षा एकत्र कंत्राट द्यायचं. सिटी ऑफ लंडनने पुढाकार घेतला, बहुतेक बरो सामील झाले, आणि २०१८ मध्ये ‘सेक्शुअल हेल्थ लंडन’ ही ऑनलाइन सेवा सुरू झाली. संसर्गाला बरोची हद्द कळत नाही. मग तपासणीने तरी हद्द का पाळावी?

काम कसं चालतं? वेबसाइटवर काही प्रश्नांची उत्तरं द्यायची. टपालाने किट येतं. त्यात गरजेप्रमाणे लघवीची बाटली किंवा नमुना घ्यायची कापसाची काडी, आणि बोटाला टोचून रक्त घ्यायचं साहित्य. नमुने पाकिटात घालून परत टपालात टाकायचे. क्लॅमिडिया, गोनोरिया, सिफिलिस, एचआयव्ही यांची तपासणी होते. पैसे लागत नाहीत.

‘लोक खरंच करतात का हो हे?’ असं तुम्ही विचाराल. लंडनच्याच लॅम्बेथ आणि सदर्क भागांत अशाच सेवेचा नीट अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. १६ ते ३० वयाचे २,०७२ जण होते. काहींना ऑनलाइन किटची लिंक पाठवली, बाकीच्यांना जवळच्या दवाखान्यांची माहिती. सहा आठवड्यांत लिंकवाल्यांपैकी ५० टक्क्यांनी तपासणी केली, दुसऱ्या गटात २६.६ टक्क्यांनी. म्हणजे जवळजवळ दुप्पट. दवाखान्याच्या बाकावर ओळखीचं कुणी भेटेल ही भीती किती मोठी असते, ते यावरून समजा.

पण मला खरी काळजी आहे ती पुढची. किट स्वस्त पडतं, म्हणून दवाखान्यांचे तास कमी करायचा मोह कौन्सिलांना होऊ शकतो. तो आवरायलाच हवा. बोटातून पुरेसं रक्त निघालं नाही, तर तपासणी पुन्हा करावी लागते. गोनोरिया निघाला तर सहसा इंजेक्शन लागतं, ते टपालाने येत नाही. एचआयव्हीचा धोका वाटला तर प्रतिबंधक गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, तिथे पाकिटाची वाट बघून चालत नाही. आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलीवर कुणी जबरदस्ती करत असेल, तर फॉर्ममध्ये ‘नाही’ वर टिचकी मारून ती मोकळी होईल. समोर बसलेल्या नर्सला मात्र तिचा चेहरा दिसतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: पाकीट हे दार आहे, घर नव्हे. ज्यांना लक्षणं नाहीत, त्यांनी घरी तपासावं, म्हणजे ज्यांना डॉक्टर हवाच आहे त्यांच्यासाठी दवाखान्यात जागा होते. एकत्र कंत्राटातून वाचलेला पैसा त्या दवाखान्यांकडे वळला, तरच हा सौदा खरा.

शेवटी, इथे शिकायला आलेल्या आपल्या मराठी मुलामुलींसाठी. इंग्लंडमध्ये लैंगिक संसर्गाची तपासणी आणि उपचार सगळ्यांना मोफत आहेत, व्हिसा कुठलाही असो. एचआयव्हीचे उपचारसुद्धा २०१२ पासून. चारपाच जणांच्या भाड्याच्या घरात टपाल कुणाच्या हाती पडेल अशी धाकधूक असेल, तर सरळ दवाखाना गाठा. लक्षणं असतील तरीही तेच. आणि कालच धोका झाला असेल, तर आजची तपासणी ‘सगळं ठीक’ सांगेल, पण ते खरं असेलच असं नाही. संसर्ग तपासणीत दिसायला काही आठवडे लागतात, तेव्हा पुन्हा तपासा.

आईवडील ऐकत असतील, तर त्यांना एकच विनंती. मुलांनी या विषयावर काही विचारलं, तर आधी ‘का रे बाबा?’ म्हणू नका. कुठे तपासायचं, ते सांगा. भेटू पुढच्या भागात.