एकचित्त व्रत



आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या या मंगल दिवशीं आम्ही आपणांस एका वसईकराचें स्मरण देऊं इच्छितों. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म इ. स. १५५६ च्या सुमारास याच वसईंत झाला. कोंवळ्या वयांत ते येशूसंघीय धर्मगुरूंच्या सोबत जपानांत गेले, तेथील भाषा शिकले आणि धर्मशिक्षणाच्या कार्यांत साहाय्य करूं लागले. त्या संघांत प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा मात्र पुरी झाली नाहीं. मग ते व्यापारांत शिरले. तरी अंतःकरणाची ओढ शमली नाहीं. अखेर व्यापार सोडून मनिला येथें संत फ्रान्सिसच्या संघांत त्यांनीं साध्या बंधूचें व्रत घेतलें.

इ. स. १५९३ मध्यें ते पेद्रो बाप्तिस्ता यांच्यासोबत दुभाष्याचें काम करण्यास पुन्हां जपानला गेले. जी भाषा पूर्वी व्यवहारांत उपयोगी पडली, तीच आतां देवकार्यास लागली. ता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह त्यांनीं क्रूसावर प्राण अर्पण केले. १८६२ सालीं ख्रिस्तसभेनें त्यांस संतपद दिलें. अंगचा कोणताही गुण वायां न घालवितां तो एकाच धन्याच्या चाकरीस लावावा, हेंच त्यांचें व्रत होतें.

आपण तर मठांत राहत नाहीं, असें कोणी म्हणेल. आपल्यामागें पहांटेची लोकल आहे, वाडीचें शिंपणें आहे, मुलांची शाळा आहे. संत बेनेदिक्त यांनीं सहाव्या शतकांत मठवासीयांस नियम घालून दिला कीं, प्रार्थनेची खूण ऐकूं येतांच हातांतील काम तसेंच सोडून निघावें. नियम लहान दिसतो; पण माझ्यावांचून कांहीं अडतें हा अभिमान त्यानें रोज मोडतो, आणि तेथूनच सुज्ञतेचा आरंभ होतो. लोकलची वेळ आपण चुकवीत नाहीं. देवाची वेळ मात्र उद्यांवर ढकलतों. उणीव आहे ती येथें.

म्हणून संध्याकाळीं देवळाची घंटा होतांच विळा, हिशेबाची वही व मोबाइल बाजूस ठेवून घरांतील सर्वांनीं एकत्र जपमाळ म्हणावी, व नंतर पांच मिनिटें मौन पाळावें. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशीं पुन्हां आरंभ करावा. संत गोन्सालो यांसही एकदां दार बंद झालें होतें. त्यांनीं वाट सोडली नाहीं.

ज्युबिलीची आरास उद्यां उतरेल. हा नियम मात्र घरोघरीं टिको.

संत गोन्सालो, आम्हांसाठीं विनंती करा.