शिवारात सापडणारी जुनी नाणी

(जीर्णोद्धार सोहळ्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कीर्तन आणि महाप्रसाद यांच्या मधल्या वेळेत ज्याला बोलायला उभे करतात, त्याने थोडक्यात आटोपावे हे मी जाणतो. विषय मात्र चालकांनीच नेमून दिला आहे. ‘तुमच्या रानात धन आहे, यंत्र लावून काढून देतो, निम्मे तुमचे निम्मे आमचे’ असे सांगणारी माणसे हल्ली गावोगाव भेटतात. त्यांच्याविषयी चार शब्द सांगावेत असे चालकांचे म्हणणे पडले.

पूर्वी हे काम पायाळू माणसाकडे असे. पायाळूच्या डोळ्यांत अंजन घातले की त्याला जमिनीतला हंडा दिसतो आणि हंड्यावर नाग बसलेला असतो, हे आपण सर्वांनी आजीच्या तोंडून ऐकलेले आहे. त्या नादात काही ठिकाणी अघोरी प्रकार झाले. म्हणून २०१३ साली महाराष्ट्रात जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात गुप्तधनासाठी केलेली अमानुष कृत्येही धरली आहेत. आता पायाळूची जागा धातुशोधक यंत्राने घेतली आहे. यंत्र खोटे नाही. त्याच्या वाटोळ्या कड्यात तारेचे वेटोळे असते. त्यातून वीज खेळवली की भोवती चुंबकीय क्षेत्र उभे राहते, आणि जमिनीत धातू असला तर त्याची चाहूल लागून यंत्र वाजते. पण नाण्याएवढी वस्तू त्याला वीत-दीड वीत खोलीवरच कळते. सोने की लोखंड हे ते छातीठोक सांगू शकत नाही. मोडका फाळ, बैलाच्या पत्रीचा तुकडा, सोड्याच्या बाटलीचे बूच, सगळ्यालाच ते वाजते. आपल्या काळ्या जमिनीत लोहाचे कण असतात, त्यामुळे कधी कधी ते नुसत्या मातीलाही वाजते.

मग नाणी शेतात येतात कोठून? आपल्याकडे जमिनीचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. जुने गाव उठले की त्याच्या राखेची, शेणाची, पडक्या भिंतींची पांढर मागे राहते. ही माती कसदार म्हणून आपले वाडवडील गाड्या भरभरून रानात टाकीत. तिच्याबरोबर खापरे, बांगड्यांचे तुकडे, एखादी शिवराई असे सगळे काळीत आले. शिवाय बँका नव्हत्या. धाड आली, दुष्काळ पडला की माणूस गाडग्यात पैसे घालून बांधाशी पुरी आणि निघून जाई. जो परत आला त्याने काढले. आपल्या नांगराला लागते ते परत न आलेल्याचे. हे लक्षात ठेवले म्हणजे त्या गाडग्याकडे हावरेपणाने पाहवत नाही.

नाशिकजवळ गोदावरीकाठी जोगळटेंभी नावाचे गाव आहे. तेथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला. नाणी १३,२५० च्या वर होती आणि सगळी क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला शिक्का पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या चेहऱ्यावरच डोंगराची खूण! त्याच नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिने कोरवलेला लेख आहे, त्यात आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निपटून काढला असे ती म्हणते. नहपान हा क्षहरात कुळातला. आईने मुलाचे गुणगान केले तर ते किती खरे मानावे, असे कोणी विचारले असते. नाण्यांनी साक्ष दिली. आता असे समजा, की हा साठा सापडला त्या रात्रीच वाटून घेतला असता. पाच-पन्नास कोणाच्या पेटीत, बाकीची सोनाराच्या मुशीत. चांदी तेवढीच भरली असती, पण दहांतली सात नाणी पुन्हा छापलेली होती हे कोणाला कधीच कळले नसते.

दुसरे गाव दायमाबाद. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी. तेथे १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचे मूळ खणताना तांब्या-काशाच्या चार वस्तू सापडल्या. दोन बैल जुंपलेला रथ आणि त्यात उभा माणूस, एक म्हैस, एक हत्ती आणि एक गेंडा. वजन सगळ्यांचे मिळून ६० किलोंच्या वर. ती भंगारात गेली नाहीत हे महाराष्ट्राचे भाग्य. पुष्कळ विद्वान त्यांना सुमारे चार हजार वर्षांची, सिंधु संस्कृतीच्या उत्तरकाळातली मानतात. परंतु धातूत सोमलाचे प्रमाण जास्त निघाल्याने काहींनी शंका घेतली, की त्या पुष्कळ अलीकडच्या असाव्यात. हा वाद निघण्याचे कारण असे, की अभ्यासकांच्या डोळ्यांदेखत त्या मातीतून निघाल्या नाहीत. कोणत्या थरात, कशाशेजारी होत्या, याचा माग मागाहून काढावा लागला. चार दिवस त्या जागच्या जागी राहिल्या असत्या तर पन्नास वर्षांचा वाद टळता.

म्हणून मला इंग्लंडातल्या एका हातोड्याची गोष्ट सांगावीशी वाटते. सफोक परगण्यात हॉक्सन गावी १९९२ च्या नोव्हेंबरात एका शेतकऱ्याचा हातोडा रानात हरवला. तो शोधायला त्याने धातुशोधक यंत्र असलेल्या आपल्या मित्राला बोलावले. यंत्र वाजले, आणि खाली निघाली रोमन काळातली सोन्याचांदीची नाणी, चमचे, दागिने. दोघांनी काय करावे? थोडे दिसताच खणणे थांबवले आणि सरकारी अधिकाऱ्यांना कळवले. दुसऱ्याच दिवशी पुराणवस्तू खात्याची माणसे आली आणि त्यांनी मातीचे गठ्ठेच्या गठ्ठे उचलून नेले. मोजली तेव्हा नाणी भरली १४,८६५. मातीसकट नेल्यामुळे हेही कळले, की सगळे एका लाकडी पेटीत, पेंढा नि कापड घालून नीट रचलेले होते. कोणा घरंदाज कुटुंबाने इसवी सन ४०७ नंतर केव्हातरी पुरून ठेवलेले. त्यात मिरीपूड ठेवायची चांदीची डबी होती, आणि मिरी त्या काळी जात होती आपल्या मलबारातून! सरकारने १७ लाख ५० हजार पौंड बक्षीस दिले, ते सापडवणाऱ्याने शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. हातोडाही सापडला, आणि तोही ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवला आहे.

आपला कायदा काय सांगतो? तो १८७८ सालचा, गुप्तधनाचा. दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही जमिनीत सापडले तर कलेक्टरला लेखी कळवायचे. काय, किती, कोठे आणि कोणत्या दिवशी सापडले ते लिहायचे. चौकशीअंती मालक कोणी निघाला नाही तर, वेगळा करार नसल्यास, तीन हिस्से सापडवणाऱ्याचे आणि एक हिस्सा जमीनमालकाचा. सरकारला हवे असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन ते घेऊ शकते. लपवले तर हक्क जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पुराणवस्तू काढण्यासाठी परवानगीवाचून खणणे हाही गुन्हा आहे, स्वतःच्या मालकीच्या रानात असला तरी. मी येथे सरकारची वकिली करणार नाही. धातूवर पाचवा हिस्सा ही चिक्कू कायद्याची खूण आहे. तिकडे बाजारभावाने बक्षीस देतात म्हणून माणसे कळवतात, आपल्याकडे भीती वाटते म्हणून लपवतात. हा कायदा बदलायला हवा. पण तो बदलेपर्यंत रात्री कंदील घेऊन खणणाऱ्याच्या हाती अर्धा वाटा देऊन आपण काय मिळवतो? तो नाणी घेऊन जातो, आणि सातबारा आपल्या नावचा असल्याने फौजदार आपल्या दारी येतो.

देवळाचे काम चालू असल्याने एक गोष्ट सांगून टाकतो. जुना ओटा काढताना वीरगळ, सतीशिळा, भग्न मूर्ती निघतात. भग्न मूर्ती पूजेला चालत नाही म्हणून ती नदीत सोडतात, वीरगळाला ऑइलपेंट फासतात. पूजेला नसेना, पण ती आपल्या पूर्वजांची आहे. आवाराच्या भिंतीशी, सावलीत, रांगेने उभी करून ठेवा. खर्च काही नाही.

आणि नाणे सापडलेच तर चिंच आणि राख लावून घासू नका. चकाकी येते, अक्षरे जातात. मातीसकट कागदात गुंडाळा, गट नंबर, जागा आणि खोली लिहा आणि तहसीलदारांमार्फत कळवा. गाडगे दिसले तर तेथेच थांबा, वर पाटी पालथी घाला.

महाप्रसादानंतर मी सभामंडपात उजव्या खांबापाशी बसणार आहे. ज्यांच्या देवघरात टाकांबरोबर जुनी नाणी पुजलेली असतील त्यांनी ती, माउलींना विचारून, दाखवायला आणावीत. मी विकत घेत नाही, हे आधीच सांगतो. छायाचित्र काढून, वजन करून नाणे तेथल्या तेथे परत देईन. कळवण्याचा अर्ज कोणाला लिहून हवा असेल तर कोरे कागद मी बरोबर आणले आहेत.