बांधावरचा तोफखाना

शहापूर-मुरबाडकडे आवणी चालू आहे. खाचराच्या बांधावरचा ओला दगड उलटला, तर एखादा पिवळा-काळा भुंगेरा तुरुतुरु पळताना दिसेल. चिमटीत धरू नका! ‘फट्’ असा आवाज होतो, बोटाला चटका बसतो आणि तपकिरी डाग पडतो. साबणाला तो दाद देत नाही.

हा बॉम्बार्डियर बीटल. पोटातल्या पिशवीत हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड साठवतो. जाड भिंतीच्या पुढच्या कप्प्यात त्यात विकरं मिसळली, की शेपटाकडून फवारा सुटतो. टॉमस आयस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली दाखवून दिलं, की तो १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो.

लिनियसने १७७१ मध्ये यातल्या दोन ठिपक्यांच्या भारतीय जातीला नाव दिलं, पण इतर भूचर भुंगेऱ्यांच्याच गोतावळ्यात बसवलं. पुढे १८०१ मध्ये वेबरने ‘ब्रॅकायनस’ आणि १८३३ मध्ये सोलिएने ‘फेरोप्सोफस’ हे वंश वेगळे केले. आपल्याकडचे मोठे, पिवळे-काळे भुंगेरे बहुधा या दुसऱ्या वंशातले. आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलिया, अमेरिका असा त्याचा पसारा आहे. युरोपात मात्र अगदी दक्षिणेला, स्पेनसारख्या देशातच तो भेटतो. ब्रिटिश भारतातल्या भूचर भुंगेऱ्यांवर अँड्र्यूजने १९२९ आणि १९३५ साली दोन जाडजूड खंड लिहिले.

नवखा माणूस ठिपके बघून जात ठरवतो आणि फसतो, कारण एकाच जातीत ठिपके लहान-मोठे होतात. पंख आखूड, टोकाशी छाटल्यासारखे आहेत का ते पाहावं. मग भुंगेरा उताणा करून पोटाचे खंड मोजावेत. इतर भूचर भुंगेऱ्यांत ते सहसा सहा दिसतात, यांच्या नरात आठ, मादीत सात. मुंग्यांच्या वारुळात राहणारे ‘पॉसस’ही असाच फवारा मारतात, पण त्यांची शाखा निराळी.

फेरोप्सोफसच्या ज्या काही जातींच्या अळ्या अभ्यासल्या गेल्या, त्या जमीन पोखरणाऱ्या, मुळं कुरतडणाऱ्या रातकिड्यांची अंडी खाऊन वाढतात. म्हणून चटक्याच्या रागाने त्याला चिरडू नये, असं माझं मत.

दिसला तर फोटो काढा आणि दगड होता तसा ठेवा. फोटोखाली नुसतं ‘ठाणे जिल्हा’ लिहून भागत नाही. डोळखांबचा की टोकावड्याचा, खाचरातला की रानातला, कोणत्या तारखेचा, एवढं जरूर लिहा. कोणती जात कुठवर पसरली आहे, याचा नकाशा अशाच नोंदींवरून तयार होतो.