मांडवीच्या काठी एक वर्ष
(शताब्दी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा पाठ)



कृष्णेच्या किंवा घटप्रभेच्या काठी वाढलेला माणूस नोकरीनिमित्त गोव्यात येतो आणि सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन मांडवीवर जातो, तेव्हा त्याची पहिली चूक ठरलेली असते. नदी एकाच दिशेने वाहते, असे तो गृहीत धरतो.

बेळगाव जिल्ह्यातील भीमगडच्या डोंगरांत म्हादई या नावाने उगम पावणारी ही नदी पुढे मांडवी होते आणि पणजीपाशी समुद्राला मिळते. समुद्राची भरती तिच्यात सुमारे ५० किलोमीटर आत, गांजेपर्यंत, जाणवते. नवख्याला म्हणून घड्याळाआधी चंद्राची गती शिकावी लागते. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांग असतो. गेल्या रविवारी सकाळी सहा वाजता जिथे मासा लागला, तिथे या रविवारी त्याच वेळी चिखल उघडा पडलेला दिसतो, तो यामुळेच.

दुसरा धडा ऋतूंचा. चैत्र-वैशाखात वरून येणारे गोडे पाणी क्षीण होते आणि खारे पाणी नदीत दूरवर शिरते. त्याच्याबरोबर खाडीचे मासेही वर सरकतात. आषाढात चित्र उलटते. घाटावरचा पाऊस गढूळ लोंढा घेऊन उतरतो आणि खारेपण मुखाकडे ढकलले जाते. वैशाखात भरवशाची वाटलेली जागा तेव्हा निरुपयोगी ठरते. पाऊस ओसरला की पाणी हळूहळू निवळते, खारेपण पुन्हा आत येऊ लागते आणि नवख्याला आपला अभ्यास नव्याने मांडावा लागतो.

तिसरा धडा बांधावर मिळतो. नदीलगतची खाजने, म्हणजे बांध घालून राखलेली सखल शेते, मानशीच्या दारांतून नदीशी जोडलेली असतात. ओहोटीला खाजनातले पाणी मानशीतून बाहेर पडते. त्याच्याबरोबर सुंगटे आणि बारीक मासळी येते. तिच्यासाठी चणक दबा धरून असतो. रायगडकडे ज्याला जिताडा म्हणतात, तोच हा मासा. हे ठाऊक नसलेला माणूस भर पात्रात गळ लांब फेकत राहतो. जाणता माणूस मानशीच्या बाजूला, पाण्यावर आपली सावली पडू न देता, शांत बसतो. मात्र मानशीवरची मासेमारी अनेक ठिकाणी लिलावाने दिलेली असते. तेथे बसण्यापूर्वी विचारणे, हाही त्याच धड्याचा भाग होय.

वर्षाच्या अखेरीस येणारा धडा सर्वांत कठीण. तो गळ आवरण्याचा. चणक आयुष्याची सुरुवात बहुधा नर म्हणून करतो आणि काही वर्षांनी मादी होतो. मोठ्या आकाराचे चणक म्हणून बहुतेक माद्या असतात. वीण खाऱ्या पाण्यात, नदीमुखाच्या बाजूस होते आणि पिल्ले खाडीत वाढतात. काळुंदराची नर-मादी दगडाला किंवा खुंटाला चिकटवलेली अंडी मिळून राखतात. राखणारा जोडीदार गळाला लागला, तर त्या अंड्यांवर इतर मासे तुटून पडतात. गोव्यात यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै या काळात समुद्रात मासेमारीची बंदी असते. काठावर बसणाऱ्यानेही त्या बंदीमागचा हेतू ओळखावा. छायाचित्रासाठी मिरवण्याजोगा मासाच पुष्कळदा नदीत परत सोडण्याजोगा असतो.

हे ज्ञान नवख्याला कोणाकडून मिळते? पुस्तकांतून थोडे, बहुतांश मिळते ते पागेर टाकणाऱ्या, मानस सांभाळणाऱ्या आणि बाजारात मासळी विकणाऱ्या माणसांच्या बोलण्यातून. भांग, उधाण, सुकती, गरवणे हे शब्द म्हणजे पिढ्यांनी केलेल्या निरीक्षणाची नोंदच आहे. बांध फुटून खाजन पडीक झाले, की मानशीबरोबर तिच्याभोवतीचे शब्दही वापरातून जातात, आणि पुढच्या नवख्याला विचारायला कोणी उरत नाही.

शंभर वर्षे ग्रंथ जतन करणाऱ्या संस्थेपुढे हा विषय ठेवण्याचे प्रयोजन हेच. नदीकाठच्या वृद्धांकडे एखादा विद्यार्थी वही घेऊन वर्षभर गेला, प्रत्येक ऋतूत एकदा तरी बसला आणि माशांची, वाऱ्यांची, भरतीच्या वेळांची नावे त्यांच्याच तोंडून उतरवून घेऊ शकला, तर ती वही या कपाटांत मानाने ठेवण्याजोगी होईल. एका पावसाळ्यात हे काम पुरे होणार नाही. मांडवी समजायला निदान सगळे ऋतू एकदा तिच्या काठी काढावे लागतात.