वळूची तपासणी कशासाठी?

होल्स्टिन गायींत सिट्रुलिनिमिया नावाचा आनुवंशिक आजार आढळतो. वासरू जन्मतः धडधाकट असते, दूधही पिते. पण शरीरातल्या अमोनियाचा निचरा करणारे एक विकर त्याच्यात कामच करत नाही. अमोनिया मेंदूला बाधतो. वासरू भिंतीला डोके टेकून उभे राहते, त्याची दृष्टी जाते आणि आठवड्याभरात ते दगावते. फार वाईट वाटते ते बघून!

हा दोष पुढच्या पिढीला देणारा वाहक वळू मात्र निरोगी दिसतो, वाहक गायही. दोघांचा संयोग झाला, तर दर वेताला चारात एक अशी जोखीम. ऑस्ट्रेलियात हा दोष अमेरिकेतल्या एका वळूच्या वीर्यातून पसरला. वाहक ओळखायला रक्ताच्या नमुन्यावरची डीएनए चाचणी पुरते. आपल्याकडे वीर्यकेंद्रांतल्या होल्स्टिन आणि त्यांच्या संकरित वळूंसाठी ती आवश्यक मानली आहे. कृत्रिम रेतन करवताना वळू तपासलेला आहे ना, हे जरूर विचारा.